भूकंपाच्या पहाटे मांडीवर कोण होते?



मागे एकदा झोपेविषयी लिहिले होते. ते वाचून एका भगिनीने पत्र पाठवले. नाव-गाव छापू नका अशी तिची विनंती आहे. तिचा प्रश्न असा : सासूबाईंना सकाळी काय जेवल्या ते दुपारी आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नात कुणी कोणते लुगडे नेसले होते ते मात्र चोख आठवते. मग त्या मुद्दाम करतात असे समजायचे काय?

उत्तर लिहायला बसलो आणि डोळ्यांपुढे आमची कुंडलची आत्ती आली. तिचीच हकीकत सांगतो, म्हणजे उत्तर त्यातच येईल.

कुंडल हे सांगली जिल्ह्यातील, पलूस तालुक्यातील गाव. पूर्वी औंध संस्थानात होते. पुढे १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे ठाणे म्हणून गाजले. शेजारीच किर्लोस्करवाडी. आत्तीचे मालक, म्हणजे आमचे मामा, तिथल्या कारखान्यात कामाला होते. ते जाऊन बरीच वर्षे झाली. आत्ती आता ऐंशीच्या घरात आहे. लेक, सून आणि दहावीला बसलेली नात यांच्याजवळ असते.

गेल्या थंडीत मी तिला भेटायला गेलो. वाकून पाया पडलो नि विचारले, "आत्ती, वळाखलंस का?"

"न वळखायला काय झालं? थोरल्या दादाचा तू. ल्हानपणी लई किरकिरा व्हतास."

बरे वाटले. चहा झाला, गप्पा झाल्या. दहा मिनिटांनी आत्तीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "कवा आलास रं? च्या घेतलास का?" पुन्हा पाच मिनिटांनी तेच. मी आत गेलो तर भावजय पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, "दादा, तुमीच बघा आता. जेवून अर्धा तास झाला न्हाई तर शेजारी जाऊन सांगत्यात, सकाळधरनं उपाशी हाय, सून ताट वाढत न्हाई. गल्ली माझ्याकडं बघती. आन् जुनं कायबी इचारा, समदं तोंडपाठ. मग हे सोंग न्हाई तर काय?"

घरोघरी हे असे चालले आहे. आपल्या घरांत जागा कमी, भिंतीला भिंत लागलेली. म्हातारीचे एक वाक्य गल्लीभर होते आणि सुनेच्या वाट्याला बोल येतो. म्हणून आठवण म्हणजे काय वस्तू आहे ते सुनेने, लेकाने आणि शेजारणीनेही समजून घेतले पाहिजे.

आपली समजूत अशी असते की डोक्यात एक पेटी आहे. पाहिले-ऐकले ते तीत पडते आणि झाकण उघडले की जसेच्या तसे हाती येते. तसे काही नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एकेक पेशी हजारो पेशींशी जोडलेली. काही अनुभव आला की या पेशींतील काही जोड एकदम कामाला लागतात. उसाच्या फडातून कोणी एकदा चालत गेले तर पाचट थोडे दबते, संध्याकाळपर्यंत खूणही राहत नाही. तीच वाट रोज तुडवली की पायवाट पडते. एरिक कँडेल नावाच्या शास्त्रज्ञाने समुद्रातील एका गोगलगायीवर वर्षानुवर्षे प्रयोग करून हे दाखवले. थोड्या वेळापुरती आठवण राहते तेव्हा असलेल्याच जोडाचा जोर वाढतो. कायमची राहते तेव्हा पेशी नवी प्रथिने तयार करते आणि चक्क नवे जोड उगवतात. म्हणजे आठवण ही शरीरात घडलेली वस्तू आहे, हाड जुळते तशी. या कामाबद्दल कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ही पायवाट पाडणारा गडी कोण? कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूच्या दोन्ही बाजूंना, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. त्याचे महत्त्व कळले ते एका माणसाच्या दुर्दैवाने. अमेरिकेत हेन्री मोलाइसन नावाचा तरुण होता. त्याला फेफऱ्याचे भयंकर झटके येत. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, डॉक्टरांनी त्याच्या मेंदूतील हा भाग दोन्हीकडून बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले, पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात नवी आठवण बसेना. जेवण झालेले आठवेना. रोज भेटणारी डॉक्टरीण रोज नवी वाटे. लहानपणचे मात्र सांगता येई. २००८ साली, ८२ व्या वर्षी तो वारला. पंचावन्न वर्षे त्याने अशी काढली.

ब्रेंडा मिलनर या विदुषीने त्याच्याकडून एक गंमत करून घेतली. आरशात पाहून चांदणीचे चित्र गिरवायला लावले. हे वाटते तितके सोपे नाही, घरी करून पाहा. पहिल्या दिवशी त्याच्या रेघा वाकड्यातिकड्या गेल्या. तिसऱ्या दिवशी हात सफाईने चालू लागला. पण हे काम आपण आधी केले आहे याची त्याला दाद नव्हती! म्हणजे हाताची आठवण वेगळी आणि प्रसंगाची आठवण वेगळी. दोघींची घरे मेंदूत निरनिराळी.

हे मी भावजयीला सांगत होतो, तर ती म्हणाली, "मग भाकरीचं तसंच आसंल." झाले होते असे की, आत्तीला परातीपुढे बसवले तर ती आजही चंद्रासारखी गोल भाकरी थापते, काठाला चीर जात नाही. पण पीठ मळल्यावर मीठ घातले की नाही ते आठवत नाही. मी भावजयीला मनातल्या मनात शंभर गुण दिले.

तर आत्तीच्या प्रश्नाचे उत्तर असे. नवी घटना आधी या हिप्पोकॅम्पसच्या ताब्यात असते. पुढे दिवस, महिने, वर्षे जातात, झोपेत ती पुन्हा पुन्हा घोळवली जाते आणि हळूहळू मेंदूच्या वरच्या थरात ठिकठिकाणी पसरते. वास एकीकडे, आवाज एकीकडे, चेहरा एकीकडे. मग ती आठवण या गड्यावर फारशी अवलंबून राहत नाही. म्हातारपणी अल्झायमर नावाचा रोग होतो, त्याची वाळवी बहुधा याच भागाच्या आसपास आधी लागते. म्हणून आजची सकाळ बसतच नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे लुगडे जुन्या जागी शाबूत असते. आत्ती उपाशी आहे असे सांगते तेव्हा ती खोटे बोलत नाही. तिच्यापुरते ते जेवण झालेलेच नसते. हे सोंग नव्हे बाई, हा आजार असू शकतो.

आता दुसरी गोष्ट. जुने आठवते म्हणजे ते बरोबरच असते का?

त्याच दुपारी आत्तीने भूकंपाची गोष्ट काढली. सातारा-सांगलीकडच्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, तो भूकंपाच्या वेळी कुठे होता ते सांगेल. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारनंतर कोयनेचा भूकंप झाला. सुमारे पावणेदोनशे माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. मी तेव्हा तिसरीत होतो. आम्ही सारे अंगणात थंडीने कुडकुडत उभे होतो, एवढे मला आठवते.

आत्ती सांगू लागली तेव्हा तिचा आवाजच बदलला. मालक रातपाळीला गेलेले. उतरंड धडाधड कोसळली, गाडगी फुटली, ज्वारी जमिनीवर पसरली. कोंबड्या ओरडू लागल्या. तिने मांडीवरचे लेकरू वाकळेत गुंडाळले आणि अनवाणी बाहेर पळाली. खापरी पायात घुसली, तो व्रण तिने आम्हाला दाखवला. "ह्यो माझ्या मांडीवर व्हता," ती लेकाकडे बोट करून म्हणाली, "दूध पीत व्हता."

आत्तेभाऊ हसला. "आये, मी एकुणसत्तरचा. भूकंप सदुसष्टला झाला. मी तवा कुठला?"

त्याच्या दाखल्यावर १ जून १९६९ अशी तारीख आहे. वाचकांना हसू आले असेल. आपल्या किती जणांचा वाढदिवस १ जून! आई म्हणायची, सुगीत झाला. बाप म्हणायचा, पाऊस लागला होता. मास्तर शाळेच्या हिशेबाने १ जून टाकायचे. आपल्या आयाबायांजवळ कॅलेंडर नव्हते. त्यांचे पंचांग म्हणजे भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, अमक्याचे लग्न. त्यामुळे मलाही वाटले, कदाचित दाखलाच चुकीचा असेल नि आत्तीचेच खरे असेल. पण भाऊ म्हणाला, दुष्काळात आई खडी फोडायच्या कामावर जायची तेव्हा तो तिच्या कडेवर असायचा, आणि दोन वर्षांनी शाळेत घातले. हिशेब दाखल्याच्या बाजूने पडत होता.

मी आत्तेभावाला समजावून सांगितले की असे होते. अमेरिकेत १९८६ साली चॅलेंजर हे अवकाशयान उडताच फुटले. दुसऱ्या दिवशी एका प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांकडून, बातमी कशी कळली ते लिहून घेतले. अडीच-तीन वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारले. पुष्कळांची हकीकत बदलली होती, आणि जे चुकले तेही छातीठोकपणे सांगत होते. आपण आठवण काढतो तेव्हा ती पेटीतून काढत नाही, जागच्या जागी पुन्हा रचतो. तुकडे इकडून-तिकडून गोळा होतात आणि मधल्या फटी आपण आजच्या समजुतीने लिंपतो. न्यूयॉर्कमध्ये उंदरांवर केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर असे दिसले की, जुनी आठवण जागी केली की ती काही तास पुन्हा ओली होते, कच्च्या मडक्यासारखी, आणि मग पुन्हा पक्की होते. ओली असताना बोट लागले तर ठसा उमटतो. आत्तीने ही गोष्ट पोराला मांडीवर घेऊन पन्नास वेळा सांगितली असेल. मांडीवरचे पोर गोष्टीत शिरले.

माझे हे शहाणपण चालू होते तोच शेजारची म्हातारी, आत्तीच्याच वयाची, काठी टेकत आली. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "आवं मास्तर, लेकरू व्हतं की मांडीवर. ती थोरली. ह्याच्या आदीची पोरगी. फुडल्या साली गवरानं गेली."

घरात कोणी बोलेना. आत्तेभाऊ साठीकडे झुकलेला माणूस. त्याला आपल्याला एक बहीण होती हे त्या दिवशी कळले. आईने कधी सांगितले नाही, बापाने सांगितले नाही. त्या काळी लेकरे जायची, आणि त्यांचे नाव घेत नसत.

आत्ती शेजारणीकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "कानात बाळ्या व्हत्या तिच्या." थोड्या वेळाने म्हणाली, "च्या घेतलासा का समद्यांनी?"

मी ताठ मानेने विज्ञान सांगत होतो, ते चूक नव्हते. पण अपुरे होते. उतरंड खरी, व्रण खरा, लेकरूही खरे. फक्त लेकराचा चेहरा बदलला होता. जी आठवण कुणाजवळ बोलता येत नाही, तिचे असे होते.

कुंडलात बोललेल्या आठवणीचेही उदाहरण आहे. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, याच गावचे. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीजवळ इंग्रज सरकारच्या नोकरांचा पगार घेऊन जाणारी रेल्वे अडवली. रुळांवर दगड रचले, गाडी मागेही जाऊ नये म्हणून पाठीमागेही रचले. सत्तरहून अधिक वर्षांनी, वयाची नव्वदी उलटल्यावर, भाऊंनी पत्रकार पी. साईनाथ यांना हा प्रसंग बारकाव्यांसह सांगितला. आम्ही गाडी लुटली म्हणू नका, लोकांचा पैसा लोकांना परत आणला, असा त्यांचा आग्रह असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते गेले.

एवढे कसे राहिले? एक तर ते वय. पंधरा ते तीस या वर्षांतले माणसाला सर्वांत जास्त आठवते, जगात कुठेही विचारा. दुसरे, जीव धोक्यात होता. भीतीच्या नि जोशाच्या वेळी अंगात जी रसायने सुटतात ती आठवणीला घट्ट बसवतात. आणि तिसरे मला सर्वांत मोठे वाटते. त्यांना विचारणारे लोक होते. सोबती भेटत, एकमेकांचे दुरुस्त करीत. आत्तीला भूकंपाविषयी विचारणारे होते, थोरलीविषयी विचारणारे कुणीच नव्हते.

सोबत्यांनी दुरुस्त करण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला भिक्खू जमले. आनंदाने ऐकलेला धम्म सांगितला, उपालीने विनय सांगितला, आणि सर्वांनी मिळून तो म्हटला. पुढे काही शतके हे सारे तोंडपाठच होते. कोणी एक भाग सांभाळायचा, कोणी दुसरा, अशा भाणकांच्या परंपरा होत्या. श्रीलंकेत ते लिहून ठेवले गेले ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. एकट्याच्या आठवणीत फट पडते. दहा जण एका सुरात म्हणत असले की चुकणारा लगेच उघडा पडतो.

नातीची दहावी तोंडावर होती. ती रात्री दोनपर्यंत जागून धडे वाचत होती. तिला मी एवढेच म्हणालो, बाळ, वाचलेले पुन्हा पुन्हा वाचू नकोस. पुस्तक मिट आणि न पाहता लिहून काढ. आज काढ, परवा काढ, आठ दिवसांनी काढ. एबिंगहाऊस नावाच्या जर्मनाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते की, नुसते पाठ केलेले पहिल्याच दिवसात झपाट्याने उडते. पण मधे अंतर ठेवून परत परत केले तर टिकते. आणि झोप. रात्रभर जागणारी पोरगी पायवाट पाडणाऱ्या गड्याला सुट्टीच देत नाही, उलट त्याचे कामच बंद पाडते. तिला हे पटले की नाही कोण जाणे. पण त्या रात्री अकराला दिवा मालवला.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीला. सासूबाईंना आधी डॉक्टरांना दाखवा. विसर पडण्यामागे नेहमीच अल्झायमर असतो असे नाही. बी-१२ जीवनसत्त्व कमी असते, थायरॉईड बिघडलेले असते, मन खचलेले असते, कधी नुसते ऐकूच कमी येत असते. यावर इलाज आहेत. रक्ताची तपासणी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात होते. म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका. अल्झायमरच असेल तर तो बरा करणारे औषध नाही, पण निदान माणूस बोल लावण्यातून सुटतो, तुम्हीही आणि त्याही.

त्या जेवल्या नाहीत म्हणाल्या तर "आत्ताच जेवलात की!" म्हणून वाद घालू नका. त्यांना ते पटणार नाही, फक्त अपमान कळेल. अपमानाची कळ प्रसंग विसरल्यावरही मनात राहते. "वाढते हं" म्हणा आणि हातात केळ्याचा अर्धा तुकडा द्या. आमची भावजय आता असेच करते. शेजारणींनाही तिने जाऊन सांगितले, आमच्या आत्यांना इसराचा आजार हाय म्हणून. गल्लीचे बघणे थांबले.

आणि मोबाईल आहे घरात, तर त्यांचे बोलणे भरून ठेवा. तारखा विचारू नका. भाकरी थापताना विचारा, चुलीचा धूर असताना विचारा. वासाने नि हाताच्या कामाने बंद दारे उघडतात. चूक निघाली तर टोकू नका. चुकीच्या आड काय आहे ते हळूच शोधा.

आमच्या आत्तीच्या नातीने एका शंभरपानी वहीत घरातल्या सगळ्यांच्या जन्माची यादी करायला घेतली आहे. मी निघताना तिने दाखवली. बापाच्या नावापुढे १ जून १९६९ आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. त्याच्या वरच्या ओळीत नाव नाही, तारीख नाही. लिहिले आहे : थोरली आत्या, भूकंपाच्या पहाटे आजीच्या मांडीवर, कानात बाळ्या.